आखणीचा डबा

बाबा, ओळखलंत का? नसेल ओळखलं तर राहू द्या, मी वाईट वाटून घेणार नाही. जिवंत असतानाही तुम्ही चौथ्या मुलीला तिसरीच्या नावाने हाक मारायचात, छत्री एसटीत ठेवून यायचात आणि कपाळावरचा चष्मा घरभर शोधायला लावायचात. आता तर तुम्हाला जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली. म्हणून खूण सांगते. मी चौथी. उंदीरवाली. आता आठवलं असेल, कारण त्या उंदरावरून तुम्ही मला जे बोललात ते पेणच्या आपल्या आळीत पलीकडच्या गणपतीच्या तीन कारखान्यांत ऐकू गेलं होतं.

मला अक्षर येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, शाळेत तुम्हीच घातलं नव्हतंत. म्हणून मी सांगते आणि नात लिहिते. शिकलेली आहे, कंपनीत कॉम्प्युटरवर बसते, आज तिला सुट्टी आहे. मघाशी विचारत होती, आजी, पूर्णविराम कुठे देऊ? म्हटलं, मी दमेन तिथे दे. आज ते जरा जास्तच पडणार. सकाळपासून मी खाटेवरून उठलेली नाही. गुडघा दुखतो असं सांगितलंय. गुडघा दुखतोच, पण तो गेली अकरा वर्षं दुखतोय, आणि त्याच्यासाठी मी कधी खाटेवर पडले नाही. मागच्या शेडमध्ये साठेक गणपती डोळ्यांवाचून उभे आहेत, चतुर्थी बारा दिवसांवर आलीय, आणि सून आतापर्यंत दोनदा येऊन विचारून गेली की आई आज आखणीला बसणार का. मी म्हटलं, सांगते. तिला काय सांगायचं ते ठरेना, म्हणून तुम्हाला सांगायला घेतलंय.

उंदराचं आधी सांगते, म्हणजे या पोरीलाही कळेल. मी नऊ-दहा वर्षांची असेन. शाडू मळायची, हाताचे पंजे साच्यातून काढायचे, ते ओल्या फडक्यात गुंडाळायचे, एवढं माझं काम. डोळे काढायचं काम, म्हणजे आखणी, फक्त तुम्ही करायचात. कारखान्यात सहा माणसं असली तरी त्या कामाला दुसऱ्याचा हात लागायचा नाही, आणि बाईमाणसाचा तर मुळीच नाही, हा नियम कोणी लिहिलेला नव्हता, पण लिहिला असता तरी मला काय वाचता येणार होता. एक दिवस तुम्ही बाहेर गेलात आणि मी एका मूर्तीच्या पायाशी बसलेल्या उंदराचे डोळे काढले. म्हटलं, देवाला हात लावला नाही, उंदराला लावला. तुम्ही आलात, वाकून पाहिलंत आणि जे काही सुरू झालात. "उंदीर झाला म्हणून काय त्याला नजर नाय? तो देवाकडं बघतो गो, वर बघतो. तुझा उंदीर मोदकाकडं बघतोय." मग ओल्या फडक्याने माझे दोन ठिपके पुसून टाकलेत आणि वर्षभर मला तुमचे कुंचले धुवायला लावलेत. मला मात्र आजही वाटतं, बाबा, की माझाच उंदीर खरा होता. समोर मोदक असताना वर कोण बघतं?

कुंचले धुताना मी तुम्हाला बघत होते. शिक्षा देताना ते तुमच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल, मला कधी कळलं नाही. आखणीच्या दिवसांत तुमचं सगळं वेगळं. पहाटे आंघोळ, मग चहा नाही, चहाने हात हलतो म्हणून. मूर्ती उंच चौरंगावर, तुमच्या छातीशी येईल अशी, आणि तुम्ही उभे. श्वास धरून भुवईची रेघ, पापणीची रेघ, बुबुळ, आणि शेवटी पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की माती तुमच्याकडे बघायला लागायची. मूर्ती उचलून बाजूला ठेवायचात आणि दुसरी घ्यायचात. झालेल्या मूर्तीकडे वळून बघताना मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. दुपारी बाकी सगळे कारागीर पेज प्यायचे, आणि तुमच्यासाठी आई घरून वेगळा डबा पाठवायची. तांदळाची भाकरी, वालाचं घट्ट बिरडं, त्यात तिखट नाही, कारण तिखटाने डोळ्यांना पाणी येतं. पोह्याचा पापड भाजलेला, तळलेला नाही, कारण तेलाने बोटं निसटतात. त्याला सगळे आखणीचा डबा म्हणायचे. पापड भाजल्याचा वास यायचा आणि मी पेजेची वाटी तोंडाला लावून तुमच्या डब्याकडे बघत बसायची. म्हणजे उंदरासारखीच.

एकदा एका कारागिराने तुम्हाला विचारलं होतं, रेघ कापत कशी नाही. तुम्ही त्याला म्हणालात, "कुंचल्याच्या टोकाकडं बघायचं नाय. रेघ जिथं जायची हाय तिथं बघायचं." तुम्ही त्याला सांगितलंत. मी कुंचले धूत होते.

आता तुम्हाला एका स्पेनच्या माणसाविषयी सांगते. हसू नका. नात पण हसतेय, पण तिला हसायचा हक्क नाही, कारण त्याला घरात तिनेच आणलं. ती आठ वर्षांची होती, माझ्या मुलाने टीव्हीवर डिश बसवली होती, आणि दर रविवारी संध्याकाळी ही पोरगी कार्टून सोडून फुटबॉल बघायला बसायची. मी वाल सोलत बसायची. एकदा विचारलं, हा कोण गो, ज्याच्यावर सगळे ओरडतात? म्हणाली, आजी, तो फॉरवर्ड. म्हणजे काय? म्हणजे बाकीचे दहा जण चेंडू आणून देतात आणि तो आत घालतो. म्हटलं, आणि नाव कोणाचं होतं? म्हणाली, त्याचं. म्हटलं, मग सरळ सांग ना, तो आखणीवाला आहे.

तेव्हापासून तो आमचा झाला. तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, बांबूसारखा, आणि कान हे एवढे, सुपासारखे. मला पाठीवरचं नाव वाचता येत नाही, आकडा कळत नाही, पण ते कान मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यात ओळखू यायचे. त्याच्या देशात त्याच्या बापाची पावाची भट्टी होती असं नातीने कुठूनसं वाचून सांगितलं. पहिल्या सामन्यात त्याला चार मिनिटं खेळवलं. चार मिनिटांत माणूस काय करणार, घाम पुसणार. मग मोठ्या क्लबाने घेतलं आणि दोन वर्षं बाकावर बसवलं. दर रविवारी मी विचारायची, आज उठला का? नाही आजी, आज पण बसलाय. मग त्यांनी त्याला समुद्राकाठच्या एका लहान क्लबाला उसना दिला. मी ऐकून सोललेले वाल सांडले. आपल्याकडे साचे उसने देतात, पाटा-वरवंटा देतात, फार तर बैल देतात. धडधाकट माणूस उसना देणं मी पहिल्यांदा ऐकलं. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, मला तरी तुम्ही लग्न करून रोह्याला दिलंत ते काय वेगळं होतं. फरक इतकाच की त्याला परत मागून घेतलं.

त्या लहान क्लबात तो खेळायला लागला. गोल झाला की बाकीचे खेळाडू नाचतात, झोपतात, अंगरखे काढतात. हा पळत जाऊन जाळ्यातला चेंडू उचलायचा आणि मैदानाच्या मध्यावर नेऊन ठेवायचा. झालं ते झालं, पुढची मूर्ती आण. मला तुमची आठवण यायची ती तिथे. आणि दुसरी गोष्ट अशी की तो चेंडूकडे बघायचा नाही. चेंडू पायात, नजर दुसरीकडे. नातीला मी दाखवलं तेव्हा तिला पटेना, मग तिनेच चित्र सावकाश चालवून पाहिलं आणि म्हणाली, खरंच गो आजी. मी म्हटलं, त्याला पण कोणीतरी कुंचले धुवायला लावले असणार.

त्याचं पुढे बरंच काही झालं. गुडघा फाटला, एक वर्ष घरी बसला, ते वर्ष आमच्या घरात सुतक असल्यासारखं गेलं. परत आला, आणि मग तीन वर्षं अशी खेळला की माझा मुलगासुद्धा शिफ्टवरून आल्यावर आधी त्याचं विचारायचा, मग जेवण. देशाच्या संघात एकदाच बोलावलं. शेवटची थोडी मिनिटं दिली, त्याने मारलेला चेंडू खांबाला लागला आणि बाहेर आला. परत कधी बोलावलं नाही. बोटभर इकडे लागला असता तर, असं नात अजून म्हणते. आखणीत बोटभर म्हणजे किती, ते मला विचारा. मग इंग्लंडला गेला, तिथे थंडीत आणि पावसात बसून राहिला. मग परत स्वतःच्या देशात, पण खालच्या वर्गात, मग त्याच्याही खालच्या, आणि शेवटी त्याच्या गावाजवळच्या डोंगरातल्या एका क्लबात. तिथल्या मैदानाच्या एका बाजूला गवत पण नीट नव्हतं. टीव्हीवर ते सामने येत नसत, नात मोबाइलवर तुकडे शोधून सकाळच्या चहाबरोबर मला दाखवायची. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मी बघितलं की तो चेंडूकडे बघतोय. नीट, मान खाली घालून, पायातल्या चेंडूकडे. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, संपलं ह्याचं. लोक हसतायत बघ. घरी का बसत नाही हा?

नातीने मोबाइल बंद केला. म्हणाली, "आणि आजी, तू कधी बसणार?"

दोन दिवस मी सकाळचा चहा एकटीने घेतला. ती सहज बोलून गेली असं आता म्हणतेय. लिही गो, हे पण लिही.

आता आपल्या दोघांचं सांगते, बाबा, जे आपण कधी बोललो नाही. मी सोळा वर्षांची होते. त्या पावसाळ्यात तुमचा हात कापायला लागला होता. रोज नाही, पण लागला होता. तुम्ही कुंचला उचलायचात, मूर्तीसमोर उभे राहायचात, आणि म्हणायचात आज उजेड बरा नाय. उजेड चांगला असायचा. चतुर्थी जवळ येत होती आणि डोळ्यांवाचूनच्या मूर्तींच्या रांगा भिंतीला लागून वाढत होत्या. मग एक दिवस तुम्ही तुमच्या मामाच्या दहाव्याला गेलात, दिवसभरासाठी. तुम्ही नाहीत म्हणून त्या दुपारी कारागीर घरी गेले, मी कारखान्याचं दार ओढून घेतलं आणि पाच मूर्तींचे डोळे काढले. चौरंग मला उंच होता आणि त्यावर मूर्ती चढवून परत उतरवायला अंगात बळ नव्हतं. मी मूर्ती होती तिथेच बाकावर ठेवली आणि समोर जमिनीवर बसून, मान वर करून काम केलं. डोळे माझ्याकडे बघायला लागले की ठिपका द्यायचा, एवढंच मला माहीत होतं. मी कुठे बसलेय त्याचा काही विचार केला नाही.

संध्याकाळी तुम्ही आलात, पाय धुतलेत, रांगेसमोरून गेलात. मी पंजे गुंडाळत बसले होते आणि माझे कान उंदरासारखे उभे होते. तुम्ही म्हणालात, दार उघडं ठेवत जा, रंग सुकत नाय. बस. दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या सगळ्या मूर्ती तुम्ही केल्यात, एकही न सोडता, उजेड बरा असो नसो. मला वाटलं, तुम्हाला कळलंच नाही.

विसर्जनानंतर गडब गावचा एक भातवाला शेतकरी आला, ज्याचं रस्त्याला लागून दुकान होतं. तो दर वर्षी पुढल्या वर्षाचं सांगायला यायचा. म्हणाला, "बाबानू, यंदा तुमचा देव खाली बघतो. आमची पोरं म्हणतात, देव मोठ्यांकडं नाय, आमच्याकडंच बघतो. आरतीला हलेनात तिथून. पुढल्या वर्षीबी असाच द्या." त्याच्या घरी मूर्ती उंच बसवायचे, आणि मी जमिनीवरून काढलेली नजर सरळ जमिनीवर बसलेल्या पोरांवर पडत होती. चूक होती ती, बाबा. साधी, न शिकलेल्या हाताची चूक. तुम्ही मूर्ती चौरंगावर ठेवायचात ते कशासाठी, हे मला त्या दिवशी गडबच्या माणसाने शिकवलं. तुम्ही त्याला म्हणालात, व्हय, असाच देऊ. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत.

पुढच्या वर्षी आखणीचा पहिला दिवस आला. सकाळी कारखान्यात आले तर चौरंग भिंतीला उलटा करून ठेवलेला आणि बाकासमोर जमिनीवर पाट मांडलेला. पाटावर तुमचा कुंचला, तो खारीच्या केसांचा. मी बसले. दुपारी आईचा डबा आला तेव्हा तुम्ही तो सोडलात, झाकण काढलंत, आणि हाताने माझ्याकडे सरकवलात. मग स्वतः पेजेची वाटी घेऊन कारागिरांत जाऊन बसलात. मी सगळा डबा संपवला आणि माझी भूक गेली नाही. एवढी भूक मला आयुष्यात परत कधी लागली नाही. त्यानंतर तुम्ही कुंचला धरला नाहीत. दोन चतुर्थ्या मी डोळे काढले, मग माझं लग्न झालं, तुम्ही तो कुंचला फडक्यात गुंडाळून माझ्या पेटीत घातलात, आणि स्वतः आखणीला बाहेरचा माणूस लावलात. ते मला पुढे माहेरी गेल्यावर कळलं. त्याचा डबा पण आईच पाठवायची.

इथे अष्टमीत, रोह्याच्या पुलापलीकडच्या आमच्या गावात, मी घरामागे शेड घातली. पेणहून कच्च्या मूर्ती टेम्पोने आणायच्या आणि इथे रंगवायच्या. सुरुवातीला लोक म्हणाले, बाईने काढलेले डोळे? मग त्यांची पोरं देवासमोरून हलेनात, आणि लोक गप्प झाले. मी आजही जमिनीवर बसून, खाली बघणारे डोळे काढते. रोह्याच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना ते ओळखतात, आणि गडबच्या घरची मूर्तीही आता इथूनच जाते. कुंचल्याचे केस सतरा वेळा बदलले असतील, दांडी तुमचीच आहे. सून आली त्याला पंचवीस वर्षं झाली. उंच आहे, माझ्या मुलाहून बोटभर उंचच. पंचवीस वर्षं ती पीतांबराचे काठ सोनेरी करते, दागिने करते, सोंडेवरची नक्षी करते. आखणी आली की मी पाट मांडते आणि ती काठ रंगवायला बाजूला जाते. मी तिला कधी बस म्हटलं नाही. तिनेही कधी विचारलं नाही. बायका चोरून बघतात हे मला माहीत असायला हवं होतं, सगळ्यांत जास्त मला.

काल दुपारी मी झालेल्या मूर्तींसमोरून फिरत होते. हल्ली मी वाकूनच चालते, त्यामुळे माझे सगळे देव माझ्याकडे बघतात, ते मला बरं वाटतं. पण सहा मूर्ती माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होत्या. मला वाटलं, माझी नजर गेली. मग भिंतीला हात टेकून सरळ झाले, जेवढी होते तेवढी, आणि तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. उभ्याने काढलेले डोळे. उंच माणसाने उभ्याने काढलेले. त्या सहा मूर्ती मीच केल्या होत्या, मला आठवत होतं, आणि त्यांतल्या एकीची पापणी काढताना रेघ हलली होती तेही आठवत होतं. कोणीतरी माझे डोळे पुसून नवे काढले होते. आणि चांगले होते, बाबा. हे सांगताना मला त्रास होतोय, पण चांगले होते. ठिपका जिथे हवा तिथे.

इथे लिहिताना हिचा हात थांबला. म्हणजे हिलाही माहीत होतं. लिही गो, आता काय घाबरतेस, पणज्याला सांगतोय आपण, तुझ्या आईला नाही.

मी कोणाला काही बोलले नाही. उंदरावरून तुम्ही बोललात तसं बोलावं असं वाटलं, तोंडापर्यंत आलं. मग वाटलं, गप्प राहावं, तुम्ही राहिलात तसं. म्हणजे तिला वाटत राहील की कळलं नाही, आणि मला वाटत राहील की मी अजून आखणीवाली आहे, आणि चतुर्थी पार पडेल. सोपं होतं ते. रात्रभराची झोप झाली आणि सकाळी पाट मांडायला उठावं म्हटलं तर गुडघा दुखायला लागला.

त्या स्पेनच्या माणसाचा शेवटचा सामना ज्येष्ठात झाला. नातीने मला आणि माझ्या मुलाला दोघांना बसवून दाखवला. डोंगरातलंच मैदान, लोक थोडेच. साठाव्या मिनिटाला बाहेरच्या माणसाने आकड्यांची पाटी वर धरली. आत जाणाऱ्याचा आकडा, बाहेर येणाऱ्याचा आकडा. नात म्हणाली, त्यानेच आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की मला साठाव्याला काढा. तो सावकाश चालत आला. रेषेवर नवा खेळाडू उभा होता, घाबरलेला. ह्याने त्याची मान धरून कानात काहीतरी सांगितलं आणि मागे न बघता जाऊन बसला. नात रडत होती आणि विचारत होती, काय सांगितलं असेल गो आजी? मी तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. काही मोठं सांगितलं नसणार. त्या बाजूला गवत नाही, पाय जपून टाक, असं काहीतरी. काम हातात देताना माणूस कामाचंच बोलतो.

आपल्या धंद्यात पाटी कोणी धरत नाही, बाबा. तुमच्यासाठी कोणी धरली नाही. मी दार ओढून घेतलं, तीच तुमची पाटी. आता मला एक सांगायचंय, ते सांगून संपवते, दमले मी. तुमचा हात कापत होता म्हणून मी ते डोळे काढले, असं मी साठ वर्षं सगळ्यांना सांगत आले. नवऱ्याला, मुलाला, या पोरीलाही. ते खरं नाही. त्या दिवशी दहाव्याला निघण्याआधी तुम्ही सकाळी दोन मूर्ती केल्या होत्यात. मी त्या बघितल्या होत्या. रेघ कुठेही हलली नव्हती. त्या दिवशी तुमचा हात चांगला होता, आणि पुढचे दहा दिवसही चांगला होता. मला डोळे काढायचे होते, म्हणून मी काढले. तुम्ही अजून चार-पाच वर्षं काढली असतीत, उजेड बरा नाय म्हणत म्हणत का होईना. तुम्ही पाट मांडलात ते तुमच्याकडे दुसरं काही मी ठेवलंच नव्हतं म्हणून. आणि मी दोन वर्षांत निघून गेले.

सून चोरून करतेय, कारण मी तिला तेवढीच वाट ठेवली. तिच्यावर राग धरायचा तर आधी माझ्यावर धरावा लागेल. माझी रेघ हलते, हे मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. त्या मोठ्या कानांच्या माणसाला मी हसले ना, त्याच महिन्यात. कुंचल्याच्या टोकाकडे बघायला लागले होते मी.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पाठवणार तरी कुठे, आणि पोचलं तरी तुम्ही ते एसटीत विसराल. पोरी, कागदाची घडी कर आणि फडताळातल्या जुन्या साच्यात ठेव, पंज्याच्या. आता ऊठ. माझ्या पेटीतून नाही, देवघराच्या खालच्या खणातून बाबांचा तो कुंचला घे, आणि शेडमध्ये जाऊन आईला दे. आजीचा गुडघा दुखतो, असं सांगू नकोस. आजी म्हणाली तू बस, एवढं सांग. आणि सांग की पाट मांडू नको, तू उभीच चांगली. फक्त गडबच्या घरची मूर्ती तेवढी जमिनीवर बसून कर, तिथे अजून नातवंडं आरतीला पुढे बसतात. चहा मागितला तरी द्यायचा नाही. आणि दुपारचा डबा वेगळा पाठव. भाकरी तांदळाची. बिरडं घट्ट, तिखट बिलकूल नको. पापड निखाऱ्यावर भाज, तळू नकोस. बिरडं जरा जास्तच घाल गो, पहिल्या दिवशी फार भूक लागते.